हार्मोनची गोळी चालू असताना लस घ्यावी का?

मे महिना संपत आला की फॅमिली डॉक्टरांकडे फ्लूच्या लशीची विचारणा सुरू होते. साठीच्या एखाद्या बाई लस घ्यायला जातात. डॉक्टर फाइल चाळतात, तिच्यात लेट्रोझोल या स्तनाच्या कॅन्सरवरच्या हार्मोनच्या गोळीचं नाव दिसतं आणि उत्तर मिळतं, "काकू, तुमची कॅन्सरची गोळी चालू आहे ना? आधी तुमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारून या." मोठ्या डॉक्टरांची पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची असते. तोवर पावसाळाही सरतो आणि फ्लूची साथही येऊन जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ही गोळी पाच ते दहा वर्षं घ्यायची असल्यामुळे लस टळत राहते तीही पाच ते दहा वर्षं.

या टाळाटाळीला शास्त्राचा आधार नाही. फक्त हार्मोनची गोळी चालू आहे, एवढ्या कारणावरून कोणतीही लस नाकारायची गरज नसते. बघायचं असतं ते दुसरंच: त्या गोळीसोबत आणखी कोणतं औषध चालू आहे, केमो कधी संपली आणि लस कोणत्या दंडावर घ्यायची.

ही गोळी शरीरात काय करते?

स्तनाच्या कॅन्सरपैकी बहुतांश गाठींच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन हे हार्मोन पकडणारी प्रथिनं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. बायोप्सीच्या रिपोर्टात 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. इस्ट्रोजेन मिळालं की या पेशी वाढतात. म्हणून ऑपरेशन, केमो आणि शेक (रेडिएशन) झाल्यावर इस्ट्रोजेनची वाट अडवून धरतात. ही हार्मोन थेरपी. नावावरून वाटतं तसं यात हार्मोन दिलं जात नाही, त्याचं काम थांबवलं जातं.

टॅमॉक्सिफेन, रोज २० मिलिग्रॅम, रिसेप्टरवर स्वतः जाऊन बसतं. पाळी गेलेल्या बायकांत चरबी आणि इतर ऊतींमध्ये थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, अॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम किंवा एक्सेमेस्टेन २५ मिलिग्रॅम ते तयारच होऊ देत नाही. पाळी चालू असलेल्या तरुण बायकांना कधी कधी दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली गोसेरेलिनचं इंजेक्शन देतात. त्याने अंडाशयाचं काम थांबतं.

मग प्रतिकारशक्ती कमी होते ना?

नाही होत. लोकांच्या मनात 'कॅन्सरचं औषध' म्हटलं की केमोच येते आणि घोटाळा तिथे होतो. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. आपल्या पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात रोज नव्याने तयार होत असतात, त्यामुळे त्याही सापडतात. केमोच्या काळात सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या, रिपोर्टात पांढऱ्या पेशी घसरतात, साधा ताप आला तरी दवाखाना गाठावा लागतो आणि लस घेतलीच तर शरीर तिला धड प्रतिसाद देत नाही.

हार्मोनच्या गोळ्या मगजाला असा धक्का लावत नाहीत. केमो संपून तीन महिने उलटले, पेशी भरून आल्या आणि आता फक्त गोळी चालू आहे, अशा बाईची गणना लशीच्या बाबतीत तिच्या वयाच्या इतर बायकांसारखीच करायची. ज्यांना केमो लागलीच नाही, थेट गोळी सुरू झाली, त्यांना हे तीन महिनेही मोजायला नकोत.

काही जणी लशीच्या दिवशी 'नको भानगड' म्हणून गोळी चुकवतात. त्याचा काही उपयोग नाही. टॅमॉक्सिफेन शरीरातून निम्मं कमी व्हायलाच पाच ते सात दिवस लागतात, लेट्रोझोलला साधारण दोन दिवस. एक गोळी चुकवून लशीला काही फायदा होत नाही, फक्त गोळीची सवय मोडते. रोजच्या वेळी गोळी घ्या आणि लसही घ्या.

खरा प्रश्न: सोबत काय चालू आहे?

इथे मात्र बारकाईने बघायला हवं. हार्मोनच्या गोळीबरोबर आता बऱ्याच जणींना पाल्बोसायक्लिब, रिबोसायक्लिब किंवा अबेमासायक्लिब यांपैकी एक औषध देतात. पूर्वी ही औषधं पसरलेल्या आजारासाठीच वापरत. आता रिबोसायक्लिब आणि अबेमासायक्लिब सुरुवातीच्या टप्प्यातला, पण परतण्याचा धोका जास्त असलेला कॅन्सर असतानाही देतात. ही केमो नव्हे, गोळ्याच आहेत, त्यामुळे घरी 'हार्मोनच्या गोळ्या' म्हणून एकाच डबीत जातात. पण यांनी पांढऱ्या पेशी कमी होतात. पाल्बोसायक्लिब आणि रिबोसायक्लिब २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबवतात ते याचसाठी, पेशी सावराव्यात म्हणून. दवाखान्यात फक्त 'लेट्रोझोल चालू आहे' असं सांगू नका. सगळ्या पट्ट्या सोबत न्या.

एव्हरोलिमस हे औषध एक्सेमेस्टेनबरोबर देतात. ते तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्याच घराण्यातलं आहे. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, दोन आठवडे किंवा अधिक काळ घेतलं असेल, तर तेही याच गटात धरा, मग ते दम्यासाठी दिलेलं असो की सांधेदुखीसाठी.

हाडांची इंजेक्शनं वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवायची. लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाइन किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन साधारण सहा महिन्यांनी देतात. झोलेड्रोनिक अॅसिडच्या पहिल्या डोसनंतर एक ते तीन दिवस ताप आणि अंगदुखी होणं नेहमीचं आहे. त्याच दिवशी लस घेतली, तर ताप कशाचा हे कळणार नाही. म्हणून दोन्हींत आठवड्याचं अंतर ठेवावं. डेनोसुमॅबसाठी चार ते सात दिवस पुरतात. मात्र लशीसाठी डेनोसुमॅब लांबवू नका. त्याचा डोस सात महिन्यांपलीकडे गेला, तर हाडांची झीज उसळी मारून परत येते आणि मणके दबू शकतात. तारखा जुळत नसतील, तर लस पुढे-मागे करा.

जिवंत लस, मृत लस

'ही लस चालेल का' याचं उत्तर लशीच्या जातीवर अवलंबून असतं. मृत लशीत मारलेला जंतू किंवा त्याचा एखादा तुकडाच असतो. ती भाजलेल्या शेंगदाण्यासारखी: कुठेही पेरली तरी उगवायची नाही. जिवंत लशीत मात्र दुबळा केलेला, पण वाढू शकणारा जंतू असतो. धडधाकट माणसात तो थोडा वाढतो, शरीर त्याला ओळखतं आणि संपवतं. प्रतिकारशक्ती खूप दबलेली असेल, तर तो हाताबाहेर जाऊ शकतो.

इंजेक्शनची फ्लूची लस, न्यूमोनियाच्या लशी, हिपॅटायटिस बी, धनुर्वात, रेबीज, टायफॉइडचं इंजेक्शन, एचपीव्ही आणि नागिणीची नवी लस यांपैकी एकही जिवंत नाही. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनमध्येही शरीरात वाढू शकणारा विषाणू नव्हता. ज्या बाईची फक्त हार्मोनची गोळी चालू आहे, तिला या सगळ्या चालतात. पाल्बोसायक्लिबसारखं औषध चालू असलेल्यांनाही चालतात. प्रतिसाद थोडा कमी मिळेल इतकंच. रिपोर्टात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील, तर आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून दिवस ठरवा.

गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर आणि नाकात फवारायची फ्लूची लस या जिवंत लशी. केमो चालू असताना आणि संपल्यावर तीन महिने या घ्यायच्या नाहीत. पाल्बोसायक्लिबच्या गटातली औषधं, एव्हरोलिमस किंवा वर सांगितलेल्या मात्रेत स्टेरॉइड चालू असतानाही नाहीत. फक्त हार्मोनची गोळी असेल, तर याही वर्ज्य नाहीत. लहानपणी कांजिण्या न झालेली टॅमॉक्सिफेनवरची पस्तिशीची बाई चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने कांजिण्यांच्या लशीचे दोन डोस घेऊ शकते. गरोदर नसल्याची खात्री आधी करायची. टॅमॉक्सिफेन चालू असतानाही गरोदरपण टाळायचंच असतं.

मुलगा-सून केनिया किंवा टांझानियात असलेल्यांना पीतज्वराच्या लशीचा प्रश्न पडतो. लशीचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे तिकिटाच्या आधी हा विचार व्हायला हवा. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांमध्ये गंभीर त्रासाचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त असतं. तिथे गोळीपेक्षा वय मोठं कारण ठरतं.

कोणत्या लशी घ्याव्यात?

फ्लूची दरवर्षी. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात डोकं वर काढतो आणि पुन्हा थंडीत. लशीचं संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मे ही चांगली वेळ. तेव्हा चुकली तर जुलैतही घ्या, काहीच नसण्यापेक्षा बरी. विषाणू दरवर्षी रूप पालटतो, त्यामुळे खोक्यावरचं वर्ष वाचून घ्यायचं.

न्यूमोनियासाठी १३ प्रकारच्या जंतूंवरची लस आधी आणि २३ प्रकारांवरची नंतर, असा जुना क्रम आहे. दोन्हींत एक वर्षाचं अंतर ठेवतात; प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर आठ आठवडे पुरतात. २० प्रकारांवरची लस मिळाली, तर एकाच डोसात काम होतं. धनुर्वाताचा डोस दर दहा वर्षांनी. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी झाली नसेल, तर आधी रक्तात एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचा संसर्ग आहे का ते दाखवणारी चाचणी) तपासून मग ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस.

नागिणीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांत दबून बसतो आणि वय वाढलं किंवा केमो झाली की पुन्हा उठतो. छातीभोवती एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात. फोड येण्याआधी दोन-तीन दिवस नुसतीच आग होते. ती ऑपरेशनच्या बाजूला झाली, तर 'टाके ओढतायत' म्हणून अंगावर काढली जाते. विषाणूविरोधी गोळ्या फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत जास्त उपयोगी पडतात. वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हा समज खोटा आहे. पण त्या भीतीने नागीण मंत्राने उतरवायला जाण्यात नेमके हेच तास वाया जातात. शिंग्रिक्स ही मृत लस भारतात २०२३ पासून मिळते. दंडात दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना एक ते दोन महिन्यांच्या अंतरानेही देता येतात. ती महाग आहे आणि घेतल्यावर दोन-तीन दिवस दंड चांगलाच ठणकतो. तरीही पन्नाशीपुढच्या आणि केमो झालेल्या बाईने परवडत असेल तर ती घ्यावी, असंच आम्ही सांगू.

मोठ्यांच्या बऱ्याचशा लशी सरकारी कार्यक्रमात नाहीत. मेडिकलमधून विकत घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे टोचून घेणं हा आपल्याकडचा रिवाज. तिथे लस बिघडू शकते. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवली तर वाया जातेच, पण 'जास्त थंड बरी' म्हणून फ्रीझरमध्ये किंवा थेट बर्फाला चिकटून ठेवली तर हिपॅटायटिस बी, धनुर्वात आणि न्यूमोनियाच्या काही लशी गोठून निकामी होतात. गोठून वितळलेली लस दिसायला बहुधा जशीच्या तशी असते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. बर्फाची पिशवी कपड्यात गुंडाळा, लस तिच्यापासून थोडी दूर ठेवा आणि मेडिकलमधून सरळ दवाखान्यात जा.

कोणत्या दंडावर घ्यायची?

ऑपरेशन झालेल्या बाजूच्या विरुद्ध. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हातातलं लसिकाद्रव, म्हणजे पेशींमधलं पाणी वाहून नेणारा द्रव, नीट उतरत नाही. त्यामुळे हात सुजू शकतो. या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात. एका सुईने ती येण्याचा धोका पूर्वी वाटायचा त्यापेक्षा कमीच आहे. पण दुसरा हात मोकळा असताना हा वापरायचा कशाला?

दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालं असेल, तर मांडीवर: गुडघा आणि जांघ यांमधल्या अंतराचे तीन भाग करा, मधल्या भागात पुढून थोडं बाहेरच्या बाजूला. खुर्चीत बसून पाय सैल सोडायचा. कुल्ल्यावर लस घेऊ नका. तिथे चरबी जाड असल्यामुळे लस स्नायूपर्यंत पोचत नाही. हिपॅटायटिस बी आणि रेबीजची लस तिथे दिल्यास परिणाम कमी होतो.

लशीनंतर त्या बाजूच्या काखेत गाठ सुजू शकते. लस काम करत असल्याचीच ती खूण, पण कॅन्सर होऊन गेलेल्या बाईच्या हाताला काखेत गाठ लागली की तिचा जीव टांगणीला लागतो. २०२१ मध्ये कोविडच्या लसीकरणानंतर मॅमोग्राफी आणि पेट-सीटीवर अशा गाठी दिसल्या आणि अनेकींना नाहक धास्ती बसली. उपाय सोपा आहे. शक्य असेल तर ठरलेली तपासणी आधी उरका आणि मग लस घ्या. तसं जमलं नाही, तर तपासणी रद्द करू नका. लशीचं नाव, तारीख आणि डावा की उजवा दंड हे तपासणीच्या फॉर्मवर लिहा. विरुद्ध दंडाचा फायदा इथेही होतो: ऑपरेशनच्या बाजूची काख वाचताना गोंधळ राहत नाही. सूज बहुधा काही आठवड्यांत उतरते. सहा आठवड्यांनंतरही गाठ लागत असेल किंवा ती लस न घेतलेल्या बाजूला असेल, तर लशीवर ढकलू नका, दाखवा.

ताप आला, की नुसत्या वाफा?

या गोळ्यांनी अंगातून वाफा येतात, घाम फुटतो आणि लेट्रोझोलच्या गटाने सांधे धरतात. लशीनंतरही अंग मोडून येतं. फरक थर्मामीटरने कळतो: वाफ काही मिनिटांत ओसरते आणि पारा चढत नाही. १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला तर तो ताप. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम या गोळ्यांबरोबर चालते. ताप दोन दिवसांत उतरायला हवा. पाल्बोसायक्लिबसारखं औषध चालू असेल, तर दोन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी सीबीसी करा.

टॅमॉक्सिफेनने गुठळ्या होतात, लशीनेही होतात, मग?

२०२४ मध्ये अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात आपल्या कोविड लशीमुळे अतिशय क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, असं मान्य केल्याच्या बातम्या आल्या. तीच लस आपल्याकडे कोविशिल्ड म्हणून दिली होती. तेव्हापासून हा प्रश्न जोर धरून आहे. टॅमॉक्सिफेनने पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, हे खरं. पण दोन्हींची तऱ्हा निराळी. त्या लशीनंतरच्या आजारात शरीर प्लेटलेटशी संबंधित एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करतं आणि प्लेटलेट घसरतात. टॅमॉक्सिफेनचा रस्ता तो नाही. शिवाय तो त्रास डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. २०२१ मध्ये घेतलेल्या डोसची काळजी आज करायचं कारण नाही. फ्लू, न्यूमोनिया किंवा नागिणीच्या लशीचा या आजाराशी संबंध नाही. उलट, एका पोटरीला अचानक सूज आली, ती दुखू लागली किंवा दम लागला, तर ते 'लशीचं असेल' म्हणून घरी थांबणं धोक्याचं. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईने तासाभरात दवाखाना गाठावा.

गुठळीमुळे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी सांगा. बारीक सुई वापरून नंतर दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही.

लशीने कॅन्सर परत येतो का, असंही विचारलं जातं. तसा पुरावा नाही. या लशींमध्ये इस्ट्रोजेन नसतं आणि त्या गोळीचा परिणामही कमी करत नाहीत.

कुत्रा चावला तर?

इथे कोणालाही विचारत बसायचं नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीज झाला की जवळजवळ कोणी वाचत नाही, त्यामुळे या लशीला केमोसुद्धा आड येत नाही. दंडात घेतल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल, तर जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. फक्त हार्मोनची गोळी चालू असेल, तर कातडीतली लस पुरते. केमो किंवा पेशी कमी करणारं औषध चालू असेल, तर तसं स्पष्ट सांगा. अशा वेळी दंडातला पूर्ण कोर्स देतात आणि जखम किरकोळ असली तरी प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यायला हवं.

घरातल्यांच्या लशी

आजीची गोळी चालू आहे म्हणून नातवाचा पोलिओचा किंवा गोवरचा डोस थांबवायचा नाही. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली, तर आजीचाच फायदा. पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या तोंडावाटे दिलेल्या लशीतला दुबळा विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. आजीची केमो किंवा एव्हरोलिमस चालू असेल, तर त्या काळात बाळाचे लंगोट दुसऱ्या कोणीतरी बदलावेत. फक्त लेट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर लंगोट बदलून साबणाने हात धुतले की पुरे.